रेंज विचारलीत, बॅटरीचं काय?

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला गेलात की पहिला प्रश्न कुठला विचारता? ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ दुसरा, ‘ऑन रोड कितीला पडेल?’ तिसरा रंगाचा. बॅटरी कुठल्या चाचणीत पास झालीय, हे विचारणारं गिऱ्हाईक मी तरी अजून पाहिलेलं नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

माझा एक मित्र दिवसा कॉलेज करतो आणि रात्री फूड डिलिव्हरी. मध्यंतरी त्याची स्कूटर अर्ध्या वाटेतच मान टाकायला लागली. कंपनीची नवी बॅटरी परवडेना. कुणीतरी सांगितलं, अमक्या गल्लीत एक जण सेल बदलून निम्म्या पैशांत करून देतो. त्याने करून घेतली. आता ती बॅटरी रोज रात्री त्याच्या रूमवर, दाराजवळच्या प्लगला लागते. आत चौघं झोपलेले असतात आणि बाहेर पडायला तेवढं एकच दार.

उगाच घाबरवत नाहीये. २०२२ आठवा. सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला तळमजल्यावरच्या ई-स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली आणि धूर वरच्या हॉटेलात शिरून आठ जण गेले. त्याच महिन्यात आपल्या वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट झाला. त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा वाचला नाही.

असं होतं कसं? स्कूटरची बॅटरी म्हणजे एकच मोठा डबा नसतो. त्यात लहान लहान सेल शेजारी शेजारी बसवलेले असतात. एक सेल आतून शॉर्ट झाला की तापतो, शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. फटाक्यांची माळ कशी लागते, तसंच. एकदा पेटली की पाणी मारूनही ही आग सहज विझत नाही.

म्हणूनच ‘एआयएस-१५६’ या मानकात सुधारणा झाली. पुण्यातले लोक ज्या एआरएआय टेकडीवर फिरायला जातात ना, तिथल्याच संस्थेने ते प्रसिद्ध केलंय. दोन सेलमध्ये पुरेसं अंतर हवं, एक सेल पेटला तरी आग पसरू नये, बॅटरी जास्त तापली किंवा चार्ज झाली की यंत्रणेने पुरवठा तोडावा, अशा अटी डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. नियम चांगलाच आहे.

पण तो लागतो नव्या, नोंदणी होणाऱ्या गाडीला. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॅटपर्यंतच्या छोट्या स्कूटर कायद्याने ‘मोटार वाहन’च नाहीत. लायसन्स नको, नंबरप्लेट नको, म्हणून आपल्यातले कितीतरी जण पहिली गाडी तीच घेतात. आणि गल्लीत सेल बदलून दिलेल्या बॅटरीची चाचणी कोण करणार? जिथे पैसे कमी, तिथेच नियमही पोचत नाही.

‘नियम कडक केले तर किंमत वाढेल, मग गरीब पोरांनी काय करायचं?’ हा प्रश्न रास्त आहे. न्यूयॉर्कलाही तो पडला होता. डिलिव्हरीवाल्यांच्या ई-बाइकच्या आगींत माणसं मेल्यावर त्या शहराने २०२३ मध्ये प्रमाणपत्र नसलेल्या बॅटऱ्यांच्या विक्रीवर बंदी घातली. वापरलेले सेल काढून बॅटरी जोडण्यावरही घातली. पुढे डिलिव्हरी करणाऱ्यांना जुनी, असुरक्षित ई-बाइक देऊन प्रमाणित घ्यायची योजनाही आणली. आपल्याकडे खरेदीवर सबसिडी मिळाली, मग बॅटरी बदलताना का मिळू नये? ज्या कंपन्यांची पार्सलं ही मुलं पोचवतात, त्यांनीही यात वाटा उचलायला हवा.

ते होईल तेव्हा होईल. तोवर दुकानात ‘एआयएस-१५६चं सर्टिफिकेट दाखवा’ असं ठणकावून विचारा. दुकानदार गडबडला तर पुढचं दुकान बघा. चार्जर गाडीचाच वापरा. पावसात भिजलेली, आपटलेली किंवा फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका. झोपताना तर नाहीच, आणि दारात तर मुळीच नाही.

मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘पटतंय रे, पण नवीला पैसे कुठून आणू?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. निदान प्लग तरी दारापासून हलवू, असं ठरलं. उत्तर द्यायचं काम सरकारचं आणि कंपन्यांचं आहे, पण ते मागायचं काम तुमचं-माझं आहे.