आधी तार तपासा, मग डबी बदला

ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने 2011 मध्ये मंजूर केली. तिचंच नाव पुढे भारतनेट झालं. खाजगी फायबरवालेही गावोगाव पोचले. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या आपल्या झरीसारख्या गावात आज पीकविम्याचा अर्ज, सातबारा, बँकेचा व्यवहार, लेकरांच्या परीक्षेचे फॉर्म हे सगळं नेटवर आलं आहे. नेट अडलं की काम अडतं. म्हणून ज्यांच्या घरात वायफाय एका खोलीत पळतं आणि दुसऱ्या खोलीत बसतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आपली घरं कशी आहेत ते आधी बघा. जुन्या माळवदाच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या. नव्या घराला सळईचा स्लॅब, मागच्या बाजूला पत्र्याची खोली. माती, दगड आणि लोखंड यांतून वायफाय नीट जात नाही. त्यातही 5 गीगाहर्ट्‌झचं वेगवान वायफाय लवकर अडतं, 2.4 गीगाहर्ट्‌झचं थोडं दूर पोचतं. यावर दुकानदार दोन उपाय देतो. एक म्हणजे मेश, म्हणजे एकाच नावाचं वायफाय देणाऱ्या दोन-तीन डब्या. दुसरा म्हणजे पॉवरलाइन अडॅप्टर. हे जोडीने येतात, भिंतीवरच्या पॉइंटमध्ये बसतात आणि घरातल्या विजेच्या तारेतूनच इंटरनेट पुढे नेतात. दोन्ही एकत्र लावले की भिंतीचा अडथळा संपेल, असा हिशोब असतो. तो बरोबर आहे, पण वायरिंग साथ देत असेल तरच.

विजेच्या तारेतून निरोप पाठवणं नवीन नाही. उच्चदाबाच्या उपकेंद्रात तारेच्या तोंडाशी टांगलेली मोठी गोल गुंडाळी तुम्ही पाहिली असेल. एका उपकेंद्राचा निरोप दुसऱ्या उपकेंद्राला विजेच्या तारेवरूनच जातो आणि तो भलतीकडे पसरू नये म्हणून ती गुंडाळी असते. घरातला अडॅप्टर त्याच जातीचं काम करतो. तारेत वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. अडॅप्टर त्याच तारेवर सेकंदाला काही कोटी हेलकाव्यांचा बारीक संदेश चढवतो. तार मात्र वीज वाहण्यासाठी बनलेली आहे, संदेशासाठी नाही. सगळ्या अडचणींचं मूळ इथे आहे.

नेट अडलं की बहुतेक जण सगळ्या डब्या एकदम काढतात, रीसेट करतात आणि पुन्हा लावतात. तसं करू नका. त्याने दोष कुठे होता ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर वेग मोजा. फायबरच्या डबीला लॅपटॉप केबलने जोडा आणि मोजा. तिथेच वेग नसेल तर घरातलं काही उसकटू नका, फायबरवाल्याला बोलवा. तिथे वेग असेल तर मेशच्या मुख्य डबीवर मोजा. मग दोन्ही पॉवरलाइन अडॅप्टर एकाच खोलीत शेजारच्या दोन पॉइंटांत लावून मोजा. इथे वेग चांगला मिळाला तर अडॅप्टर ठीक आहेत आणि दोष पुढच्या वायरिंगमध्ये आहे. इथेही मिळाला नाही तर माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे दोघांवरचं जोडीचं बटण दाबून त्यांची जोडी नव्याने जुळवा. मेशची दुसरी डबी सगळ्यांत शेवटी जोडा.

आता वायरिंग. अडॅप्टर थेट भिंतीवरच्या पॉइंटमध्ये हवा. एक्स्टेन्शन बोर्डात आणि विशेषतः स्पाइक गार्डमध्ये लावू नका. स्पाइक गार्डमधली गाळणी झटके अडवते, तशीच अडॅप्टरचा संदेशही गिळते. मोबाइलचे हलके चार्जर, स्वस्त एलईडी दिवे, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मिक्सर, पाण्याची मोटर हे तारेत गोंगाट करतात. संध्याकाळी दिवे लागले की नेट मंद होत असेल तर एकेक वस्तू बंद करून बघा. चोर सापडतो.

फेजचं प्रकरण आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. थ्री फेज जोडणीच्या घरात पुढच्या खोल्या एका फेजवर आणि मागच्या दुसऱ्या फेजवर असू शकतात. दोन अडॅप्टर दोन फेजवर असले तर संदेश पोचतच नाही किंवा मरतुकडा पोचतो. त्यात एक फेज गेली की आपण चेंजओव्हर फिरवून काही खोल्या दुसऱ्या फेजवर घेतो. काल चाललेलं नेट आज बंद पडण्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं. इन्व्हर्टरचंही तसंच. एक अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि दुसरा साध्या लाइनवर असेल तर लाइट गेल्यावर जोडी तुटणारच, कारण साध्या लाइनवरच्या अडॅप्टरला वीजच राहत नाही. लाइट असतानाही इन्व्हर्टरमधून जाताना संदेश अशक्त होऊ शकतो. म्हणून फायबरची डबी, मेश आणि दोन्ही अडॅप्टर एकाच फेजवर, एकाच इन्व्हर्टर लाइनवर आणून बघा. स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत. त्यांच्या विजेवर अडॅप्टर अडखळले तर नवल नाही.

गावातल्या घरातून शेतातल्या आखाड्यावर पॉवरलाइनने नेट न्यायचं कुणी म्हणत असेल तर पैसे घालू नका. गावठाणाची डीपी वेगळी, शेतीची डीपी वेगळी. हा संदेश डीपी ओलांडून जात नाही.

वायरिंग ठीक असेल तर जोडणीचा क्रम तपासा. फायबरच्या डबीतून केबल मेशच्या मुख्य डबीत गेली पाहिजे, मुख्य डबीतून पहिल्या अडॅप्टरमध्ये, आणि दुसऱ्या अडॅप्टरमधून मेशच्या दुसऱ्या डबीत. पहिला अडॅप्टर चुकून थेट फायबरच्या डबीला जोडला तर मेशच्या दोन डब्या दोन वेगळ्या नेटवर्कांत पडू शकतात, मग त्या एकमेकींना ओळखत नाहीत. फायबरची डबी स्वतःही राउटर असते. मग घरात दोन राउटर होतात. त्यातल्या एकालाच राउटरचं काम द्या आणि मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवा. ते जमत नसेल तर फायबरवाल्याकडून त्याची डबी ब्रिज मोडवर करून घ्या. अडॅप्टरला स्वतःचं वायफाय असेल तर ते बंद करा.

मेशच्या दुसऱ्या डबीला केबल लावताच दोन मिनिटांत घरातलं सगळंच नेट ठप्प झालं, तर माहिती हवेतूनही आणि तारेतूनही गोल फिरत आहे असं समजा. केबल काढा. मेशची दुसरी डबी मुख्य डबीजवळ नेऊन आधी बिनतारी सुरू करा, तिचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा, मेशच्या ॲपमध्ये केबलने जोडण्याची सोय आहे का ते बघा आणि मगच तिला जागेवर नेऊन केबल लावा.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. बऱ्याच मेश डब्यांना केबल दिसली की त्या तिच्यावरच विसंबतात, मग तारेचा वेग हवेतल्यापेक्षा कमी का असेना. म्हणून केबल काढून एकदा मोजा आणि लावून एकदा मोजा. केबल काढल्यावर वेग वाढत असेल तर तुमच्या घरात पॉवरलाइनचा उपयोग नाही, हे मान्य करा. अडॅप्टरच्या खोक्यावर 1000 एमबीपीएस लिहिलं म्हणून तेवढा वेग मागू नका. तो आकडा कागदावरचा असतो. घरात त्याचा दहावा हिस्सा मिळाला तरी अडॅप्टर बिघडला असं नाही. 600 लिहिलेल्या काही अडॅप्टरांचं केबलचं तोंडच 100 चं असतं.

जिवाशी खेळ मात्र करू नका. बोर्ड स्वतः उघडू नका. दोन फेजांमध्ये सुमारे 400 व्होल्ट असतात. फेज बदलणं, अर्थिंग करणं ही परवानाधारक वायरमनची कामं आहेत. पिन बसत नाही म्हणून अर्थिंगची पिन तोडू नका. काही नवे अडॅप्टर अर्थिंगची तारही संदेशासाठी वापरतात. चांगलं अर्थिंग म्हणजे वेगही आणि जीवही. उन्हाळ्याच्या शेवटी, मृगाच्या आधी आपल्याकडे विजा पडतात. आभाळ गडगडायच्या आधीच अडॅप्टर आणि फायबरची डबी पॉइंटमधून काढून ठेवा.

माझं मत स्पष्ट आहे. पॉवरलाइन हा नाइलाजाचा उपाय आहे. जिथे तार ओढता येते तिथे कॅट-सिक्सची केबल टाका. ती 100 मीटरपर्यंत नीट चालते आणि फेज, चार्जर, इन्व्हर्टर कशालाच जुमानत नाही. तिला विजेच्या तारेच्या पाइपातून नेऊ नका, वेगळा पाइप घाला. अंगण ओलांडून गोठ्याकडे किंवा वेगळ्या इमारतीत जायचं असेल तर तांब्याच्या केबलऐवजी फायबरच टाका. काचेतून वीज घरात शिरत नाही. नवं घर बांधत असाल, तर गिलाव्याच्या आधी प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप टाकून घ्या. आज तो खर्च किरकोळ आहे, गिलावा झाल्यावर भिंत फोडावी लागेल. आणि ज्यांनी डब्या आधीच घेतल्या आहेत त्यांना विनंती: नवी डबी घेण्याआधी एक दिवस काढा, वर सांगितल्या क्रमाने तपासा, आणि जे सापडेल ते शेजाऱ्यालाही सांगा.