परवडणारे पिस्तूल आणि परवान्याचे अर्थशास्त्र

गेल्या महिन्यात एक माजी विद्यार्थी भेटावयास आला होता. तालुक्याच्या गावी तो वडिलांचा पेट्रोलपंप चालवतो. रात्री उशिरा रोकड घेऊन घरी परतावे लागते, वाटेत दोनदा पाठलाग झाला. म्हणून त्याने शस्त्रपरवान्यासाठी अर्ज केला आणि बऱ्याच हेलपाट्यांनंतर तो मंजूर झाला. आता त्याचा प्रश्न असा, "सर, मध्यम आकाराचे, हाताला बसेल असे आणि फार महाग नसलेले पिस्तूल कोणते घ्यावे?" अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे विचारावे याचे नवल वाटले. तो हसून म्हणाला, "हत्याराचे दुकानदार सांगेल. किंमत एवढी का, ते तुम्ही सांगा."

त्या दृष्टीने पाहू लागल्यावर ध्यानात आले की, हा प्रश्न एका ग्राहकाचा नाही. नागरिकाच्या हाती शस्त्र द्यावयाचे की नाही, द्यावयाचे तर कोणाच्या, आणि ते कोणत्या कसोटीवर ठरवावयाचे, हा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न त्यामागे उभा आहे. त्याचे उत्तर आपण कायद्यात एक दिले आहे आणि बाजारात अगदी वेगळे.

निवड नसलेला ग्राहक

अमेरिकेत हाच प्रश्न विचारणाऱ्या ग्राहकापुढे डझनावारी नमुने मांडले जातात. १९८८ साली आलेल्या 'ग्लॉक १९' या पिस्तुलाने मध्यम आकाराचा जणू मापदंडच घालून दिला. नऊ मिलिमीटरची गोळी, पंधरा काडतुसांचे मॅगझिन, आणि कमरेला लपेल पण मुठीत पुरेल एवढे आकारमान. त्याच्या बरोबरीची आणि त्याहून स्वस्त अशी अनेक हत्यारे तेथे चार-पाचशे डॉलरच्या आत मिळतात.

भारतात नऊ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य परवानाधारकाला घेताच येत नाही. सैन्य व पोलीस वापरतात ती काडतुसे चालणारी शस्त्रे आपल्या नियमांनी 'प्रतिबंधित' वर्गात टाकली आहेत. उरते ते मुख्यत्वे .३२ बोअरचे हत्यार. पिस्तुलाचे .३२ काडतूस जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचे असून ते १८९९ सालचे आहे. परदेशी शस्त्राची खासगी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्यांना बंद आहे. अपवाद नामांकित नेमबाजांसारख्या मोजक्यांचा. त्यामुळे त्यापूर्वी देशात आलेली जुनी जर्मन किंवा इंग्लिश पिस्तुले आजही हातोहात फिरतात आणि काही लाखांना विकली जातात. झिजलेल्या यंत्राची किंमत वर्षागणिक वाढत जावी, हे गुणवत्तेचे लक्षण नव्हे. ते टंचाईचे लक्षण आहे.

नव्या हत्यारासाठी ग्राहक सरकारी कारखान्याकडे वळतो. तेथे 'अशनी' हे .३२ पिस्तूल आहे आणि कानपूरची .३२ रिव्हॉल्व्हरे आहेत. यांची किंमत लाखाच्या घरात जाते. २०१४ साली कानपूरहून 'निर्भीक' नावाचे सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून बाजारात आले. दिल्लीच्या २०१२ मधील अत्याचारानंतर देश हादरला होता, त्या वातावरणात या नावाला अर्थ होता. पण त्याची किंमत होती सुमारे १ लाख २२ हजार रुपये. त्या वर्षीच्या देशाच्या दरडोई उत्पन्नाहून ती अधिक होती. रात्रपाळी करून एकट्या घरी जाणाऱ्या परिचारिकेला किंवा कामगार स्त्रीला त्या निर्भयतेची किंमत कधीच परवडणार नव्हती.

कायदा एक सांगतो, किंमत दुसरे

येथे थोडे इतिहासात डोकावणे इष्ट ठरेल. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या जोखडात बांधले आणि युरोपियनांना मोकळे सोडले. त्या अपमानाची सल एवढी खोल होती की, १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्कही नमूद झाला. स्वातंत्र्यानंतर मात्र दृष्टी बदलली. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली; डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती मान्य झाली नाही. फाळणीच्या रक्तपाताची स्मृती ताजी असताना घेतलेला तो निर्णय शहाणपणाचाच होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शस्त्र हा आपल्याकडे हक्क नाही. ती राज्यसंस्थेने विश्वासाने दिलेली सवलत आहे.

परंतु सवलत कोणाला द्यावयाची, याविषयी १९५९ च्या शस्त्र कायद्याने एक अतिशय उदात्त तत्त्व घालून दिले, आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कायद्याच्या चौदाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. मनोविकृती, शस्त्र बाळगण्यास अपात्रता, सार्वजनिक शांततेला धोका ही कारणे ग्राह्य आहेत. गरिबी हे कारण ग्राह्य नाही. नकार दिल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यावर अपीलही करता येते.

आता हे कलम एका हाती धरावे आणि दुसऱ्या हाती दुकानातील किंमतपत्रक. जे कायद्याने करावयाचे नाही असे ठरवले, तेच किंमत बिनबोभाट करते. शेताच्या वादात जिवाला धोका असलेला कोरडवाहू शेतकरी आणि तुटपुंज्या पगारावर सावकाराची वसुली नेणारा कारकून यांना जिल्हाधिकारी उद्या परवाना देतीलही, पण लाखभर रुपये आणणार कोठून? सप्टेंबर २०२५ मधील फेररचनेत पिस्तूल व रिव्हॉल्व्हरवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. खासगी विमाने आणि विहारनौका त्याच टप्प्यात आहेत. लाख रुपये मूळ किमतीच्या हत्यारावर चाळीस हजार रुपये कर, असा हा हिशेब आहे. ज्या वस्तूची खरेदी सरकारने स्वतः गरज पडताळून मंजूर केली, तीच वस्तू करआकारणीच्या वेळी चैनीची ठरते. ही विसंगती नव्हे तर काय?

महागाईने सुरक्षितता येते का?

यावर एक युक्तिवाद हमखास केला जातो. शस्त्र महाग असलेलेच बरे. त्यामुळे ते थोड्यांच्याच हाती जाईल. वरवर पाहता हे पटण्याजोगे आहे, आणि त्यात तथ्याचा अंशही आहे. अमेरिकेचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या २०१८ मधील अंदाजानुसार तेथे दर शंभर माणसांमागे नागरिकांच्या हाती सुमारे १२० बंदुका आहेत. शस्त्र किराणा मालासारखे स्वस्त झाले की काय होते, हे तेथील शाळांतून वारंवार दिसले आहे. ते अनुकरण आपल्याला नको.

तथापि, किंमत हा गाळणीचा प्रकार म्हणून तपासला तर तो फार वाईट ठरतो. चांगल्या गाळणीने बेजबाबदार माणूस अडला पाहिजे. किंमतीने अडतो तो गरीब माणूस. श्रीमंत बेजबाबदार मनुष्य तर तिच्यामुळे अधिकच आकर्षित होतो, कारण महाग वस्तू मिरविण्याच्या कामी येते. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याचे प्रकार उत्तरेत एवढे वाढले की, २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा घालावी लागली. त्या वरातींत गोळ्या झाडणारे हात पैशाच्या कसोटीला उतरलेलेच होते.

आणि गुन्हेगाराचे काय? तो या किंमतपत्रकाकडे ढुंकूनही पाहत नाही. बिहारमधील मुंगेरची ख्याती सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्याला एवढ्या दूर जावयास नको. जळगाव जिल्ह्यातील चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या कुशीत मध्य प्रदेशाच्या हद्दीत असलेल्या उमर्टीचे नाव महाराष्ट्राच्या पोलीस तपासांत पुन्हा पुन्हा येते. तेथे घडवलेले गावठी पिस्तूल अधिकृत हत्याराच्या किंमतीच्या एका लहानशा भागात हाती पडते. ना परवाना, ना कर, ना हेलपाटा. देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांत बहुसंख्य शस्त्रे विनापरवाना असतात, हे गुन्हेविषयक सरकारी अहवाल सातत्याने सांगत आले आहेत. म्हणजे कायदा पाळणाऱ्यासाठी शस्त्र दुर्मिळ व महाग, कायदा मोडणाऱ्यासाठी सुलभ व स्वस्त. यात केवळ किंमतीचा दोष नाही हे खरे. पण महागाईने समाज सुरक्षित होतो, हा समज मात्र यामुळे टिकत नाही.

मक्तेदारी आणि तिचा अंत

किंमत चढी राहण्याचे दुसरे कारण मक्तेदारी हे होय. आयात बंद आणि देशांतर्गत उत्पादन दीर्घकाळ सरकारी कारखान्यांपुरते, अशा स्थितीत ग्राहकाने तक्रार कोणाकडे करावयाची? चापाची ओढ जड असो वा बांधणी ओबडधोबड असो, पर्याय नसलेला ग्राहक ते मुकाट्याने घेतो, आणि पर्याय नसल्यामुळेच उत्पादकाला सुधारणेची निकड भासत नाही. आता या कोंडीला थोडी फट पडली आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी खासगी उत्पादनाची वाट अधिक स्पष्ट केली. २०२० साली 'वेब्ली अँड स्कॉट' या जुन्या इंग्रज कंपनीच्या नावाने उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात .३२ रिव्हॉल्व्हर बनू लागले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. काडतुसे बनवणारा आपला खडकीचा कारखानाही पुण्यात मुख्यालय असलेल्या 'म्युनिशन्स इंडिया'कडे गेला. २०२३ मध्ये कानपूरने 'प्रबल' हे नवे रिव्हॉल्व्हर आणले. स्पर्धेची चाहूल लागताच नवा नमुना यावा, हा निव्वळ योगायोग नसावा.

स्पर्धेने किंमती उतरतील, तेव्हा मात्र किंमतीची गाळणीही सैल होईल. म्हणूनच खरी गाळणी आताच घट्ट केली पाहिजे. २०१६ च्या नियमांत शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. ती कागदी दाखल्यापुरती राहता कामा नये. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचे मॅगझिन काढून घेतले तरी नळीच्या मागील घरात एक काडतूस शिल्लक राहू शकते. 'रिकामे' समजलेल्या पिस्तुलाने घरातच माणसे दगावतात ती याच अज्ञानाने. हे ज्याच्या हाताला सवयीने ठाऊक झालेले नाही, त्याच्याजवळ लाख रुपये असले तरी त्याला शस्त्र मिळू नये. आणि ज्याला ते ठाऊक आहे, ज्याची गरज खरी आहे, त्याला केवळ लाख रुपये नाहीत म्हणून ते नाकारले जाऊ नये. प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात सरावाची सोय, नूतनीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष हाताळणीची परीक्षा, अर्जाचा ठरावीक मुदतीत लेखी निकाल, आणि गरज सिद्ध झालेल्या अल्प उत्पन्नाच्या परवानाधारकाला करातून सवलत, एवढ्या चार गोष्टी नवा कायदा न करताही साधण्याजोग्या आहेत.

त्या विद्यार्थ्याला काय सांगितले, हे वाचक विचारतील. प्रथम खर्चाची यादी करावयास लावली. हत्याराची किंमत, कर, भिंतीत बसवलेली लोखंडी तिजोरी, सरावाची काडतुसे, नूतनीकरण, आणि निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करण्याच्या फेऱ्या. मग त्याच्यासमोर दुसरी यादी लिहिली. पंपावर अंकात्मक देयकांचा आग्रह, अंधार पडण्यापूर्वी बँकेत भरणा, उरलेल्या रोकडीसाठी पंपावरच तिजोरी, आणि येण्याजाण्याची ठरलेली वेळ मोडणे. दुसऱ्या यादीची बेरीज पहिलीच्या निम्म्याहूनही कमी आली. एवढे करूनही धोका उरलाच तर .३२ चे नवे, देशी, काडतुसे व दुरुस्ती सहज मिळेल असे हत्यार घ्यावे. जुन्या परदेशी नावासाठी लाखो रुपये मोजू नयेत. आणि घेण्यापूर्वी ते स्वतःच्या हाताने चालवून पाहावे.

दोन्ही याद्या खिशात घालून तो उठला. दाराशी थांबून म्हणाला, "माझ्याकडे रात्रपाळीला एक पोरगा असतो, सर. गल्ल्यावर तोच बसतो. परवाना त्यालाही मिळेल का?" कायद्याने मिळू शकतो, असे त्याला सांगितले. पुढचा हिशेब त्याने मनातल्या मनात केला असावा, कारण पुढे त्याने काही विचारले नाही. त्या पोराला ठाऊक नसलेल्या चौदाव्या कलमाला व्यवहारात अर्थ यावा, एवढीच राज्यकर्त्यांकडे मागणी आहे.