कठोरपणा कुणाच्या कामी?

पन्नास वर्षांपूर्वीचा एखादा चित्रपट पाहून आजही घरोघरी वाद होत असतील, तर त्या वादाच्या मुळाशी चित्रपटापेक्षा मोठे काही तरी असले पाहिजे. १९७३ साली निघालेला ‘द पेपर चेस’ हा अमेरिकन चित्रपट अशांपैकी आहे. हार्वर्डच्या कायदा विद्यालयातील पहिल्या वर्षाची ही कथा, त्याच विद्यालयात शिकलेल्या जॉन जे ऑसबॉर्न यांच्या १९७१ सालच्या कादंबरीवर आधारलेली. मिनेसोटाहून आलेला हार्ट हा विद्यार्थी आणि कराराचा कायदा शिकवणारे प्राध्यापक किंग्जफील्ड यांच्यातील झुंज हा तिचा गाभा. किंग्जफील्डच्या भूमिकेसाठी जॉन हाउसमन यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि ते निर्विवादपणे योग्य होते.

गेल्या महिन्यात आमच्या घरी दहाबारा जणांनी हा चित्रपट एकत्र पाहिला. त्यांत काही निवृत्त शिक्षक होते, दोन वकील होते आणि कायद्याच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी एक मुलगी होती. चित्रपट संपताच अपेक्षेप्रमाणे दोन तट पडले. शिक्षकमंडळी म्हणाली, ‘असे प्राध्यापक आता उरले नाहीत. शिस्तीवाचून विद्या नाही.’ दुसरा पक्ष म्हणाला, ‘हा निव्वळ छळ आहे. भर वर्गात विद्यार्थ्याच्या हातावर नाणे ठेवून, तुझ्या वकील होण्याविषयी शंका असल्याचे आईला फोन करून सांग, असे म्हणणाऱ्या माणसाला शिक्षक का म्हणावे?’ या पक्षाला शेवटचा प्रसंग फार आवडला होता. गुणपत्रिकेचे पाकीट न उघडताच हार्ट तिचे विमान करतो आणि समुद्रात भिरकावून देतो. त्यात त्यांना स्वातंत्र्याचा उद्गार ऐकू आला.

कायद्याची विद्यार्थिनी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, ‘या वर्गात अशील कधी येतो का?’

माझ्या मते त्या संध्याकाळी विचारला गेलेला खरा प्रश्न तेवढा एकच होता. चित्रपटातील पहिल्याच तासाचे उदाहरण घ्या. हार्टला ज्या खटल्यावर प्रश्न विचारले जातात तो हॉकिन्स विरुद्ध मॅगी हा खटला काल्पनिक नाही. न्यू हॅम्पशायरच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२९ साली त्याचा निकाल दिला. जॉर्ज हॉकिन्स या मुलाचा तळहात विजेच्या तारेने भाजून व्रण राहिला होता. तो शंभर टक्के चांगला करून देतो, असे डॉक्टरने सांगितले आणि छातीची कातडी काढून तळहातावर लावली. हात बरा होण्याऐवजी बिघडला आणि त्यावर केस उगवले. न्यायालयाने भरपाईचे सूत्र असे ठरवले: कबूल केलेल्या हाताचे मूल्य आणि प्रत्यक्ष मिळालेल्या हाताचे मूल्य यांतील फरक. शस्त्रक्रियेच्या वेदनांची भरपाई निराळी नाही, कारण चांगल्या हातासाठी मुलाने मोजायच्या किमतीतच त्या धरलेल्या होत्या.

तर्क म्हणून हे सूत्र निर्दोष असेल. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला त्याची रचना मोहकही वाटते. परंतु किंग्जफील्डच्या वर्गात हा मुलगा केवळ भरपाईच्या सूत्रातील एक पद म्हणून येतो. त्याचे पुढे काय झाले, तो हात घेऊन त्याने कुठले काम केले, हे कुणी विचारीत नाही. १८७० साली हार्वर्डचे अधिष्ठाते झालेल्या लँगडेल यांनी घालून दिलेली ही पद्धत. व्याख्यान न देता न्यायनिवाडे वाचायला लावायचे आणि प्रश्नांच्या भडिमारातून तत्त्व काढून घ्यायचे. बुद्धीला धार लावण्याचे तिचे सामर्थ्य नाकारण्यात अर्थ नाही. धार लावलेले हत्यार पुढे कुणाच्या हाती जाते, हे मात्र ती पद्धत स्वतःहून सांगत नाही. हार्वर्डमध्येच कायदा शिकवणारे डंकन केनेडी यांनी १९८३ साली एका छोट्या पुस्तकात नेमके हेच मांडले. वर्गात मान खाली घालायला शिकलेला विद्यार्थी पुढे बड्या वकिली कचेरीच्या उतरंडीत विनासायास बसतो, आणि उतरंड ही निसर्गाचीच व्यवस्था आहे असे मानू लागतो.

येथे स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. चित्रपटात ब्रूक्स नावाचा विद्यार्थी आहे. त्याची स्मरणशक्ती विलक्षण, पण विश्लेषण जमत नाही. किंग्जफील्ड त्याच्या स्मरणशक्तीची वर्गासमोर शोभा करतात. पुढे तो आत्महत्येच्या प्रयत्नापर्यंत जातो. तो प्रसंग पाहताना मला माझ्याच वर्गातील एक मुलगा आठवला. खेड्यातून आला होता. सीमांत उपयोगितेची व्याख्या त्याने घडाघडा म्हटली. मी उदाहरण मागितले, त्याला देता येईना. ‘पाठांतराला अर्थशास्त्र म्हणत नाहीत,’ असे मी म्हणालो आणि वर्ग हसला. त्यानंतर तो शेवटच्या बाकावर बसू लागला आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर आलाच नाही. त्याची चौकशी करावी, असे मला सुचले नाही. आपण दर्जा राखला, अशीच माझी समजूत होती. वस्तुतः त्याच्या बापाच्या शेतातले उदाहरण मीच त्याला काढून दाखवायला हवे होते.

म्हणून मग कठोरपणाच टाकून द्यायचा काय? तसे मला वाटत नाही, आणि त्याला आधार हार्वर्डच्याच इतिहासात आहे. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे कृष्णवर्णीय विद्यार्थी १९२२ साली तेथून पदवी घेऊन बाहेर पडले. पुढे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी कायदा विद्यालयाची सूत्रे हाती घेतली. शिस्तीत ते कुणालाही हार जाणारे नव्हते. विद्यार्थी त्यांना टरकून असत. पण आपले विद्यार्थी कशासाठी घडवायचे, हे त्यांच्या मनात पक्के होते: वकिलाने समाजाची घडी बदलावी, नाहीतर तो समाजावर जगणारे बांडगूळ ठरतो. थर्गुड मार्शल १९३३ साली त्यांच्या हाताखालून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडले. मेरीलँड विद्यापीठाच्या कायदा विद्यालयाचे दार वर्णभेदामुळे कृष्णवर्णीयांना बंद होते. या गुरुशिष्यांनी मिळून न्यायालयात झगडून ते उघडायला लावले. त्या राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने १९३६ साली त्यावर शिक्कामोर्तब केले. १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राऊन खटल्याचा निकाल लागला, तेव्हा ह्यूस्टन हयात नव्हते. परंतु तो खटला लढवण्यात मार्शल अग्रभागी होते.

ह्यूस्टन आणि किंग्जफील्ड, दोघेही कठोर. एकाच्या वर्गात दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला जागा होती, दुसऱ्याच्या वर्गात आत बसलेल्यालाही नाव नव्हते. वर्षअखेरीस हार्ट लिफ्टमध्ये किंग्जफील्डना भेटतो. तुमचा वर्ग माझ्यासाठी मोलाचा होता, असे मनापासून सांगतो. प्राध्यापक विचारतात, ‘तुमचे नाव काय?’

हार्टने भिरकावलेल्या विमानाने हा हिशेब मिटत नाही. उत्तम गुण मिळवलेल्याने गुणपत्रिका फेकून देणे ही त्याची खाजगी चैन झाली. प्रेक्षकांना ते गुण ठाऊक असतात, म्हणूनच तो प्रसंग गोड लागतो. ब्रूक्सपाशी फेकायला काहीच नसते. आणि किंग्जफील्डच्या दराऱ्याचे पुढे काय झाले? १९८०च्या दशकात तोच आवाज, तीच करडी मुद्रा घेऊन हाउसमन दूरचित्रवाणीवर एका बड्या दलाली पेढीची जाहिरात करीत होते. उद्देश न सांगणाऱ्या कठोरपणाला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागत नाही.

आपल्यापैकी अनेक जण शिकवतात. कुणी महाविद्यालयात, कुणी अभ्यासवर्गात, कुणी शिबिरात. विद्यार्थ्याकडून काटेकोर काम जरूर घ्यावे, कच्चे उत्तर चालवून घेऊ नये. पण तास संपल्यावर त्या मुलीचा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. आणि सुट्टीनंतर जो परत आला नाही, त्याच्या घरी एकदा जाऊन यावे. मी गेलो नाही.