गल्ल्यातला पैसा आणि पंचवीस तारीख

दिवाळी सरली, कापूस विकला गेला, की कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीसारख्या गावात दुकानदाराचा गल्ला भरलेला दिसतो. घरची मंडळी खर्चाचे बेत आखू लागतात. पण या गल्ल्यातला सगळा पैसा घरचा नसतो. गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर त्यात असतो आणि तो आपल्याकडे केवळ ठेव म्हणून असतो.

विक्रीकर गेला, २००५ साली व्हॅट आला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना १ जानेवारी २०२१ पासून तीन महिन्यांनी एकदा विवरणपत्र भरण्याची मुभा मिळाली. मात्र कर थांबत नाही. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावा लागतो. त्यासाठी वाटा दोन आहेत. मागच्या तिमाहीत रोखीने भरलेल्या कराच्या ३५ टक्के रक्कम ठोकळ्याने भरायची, किंवा महिन्याचा प्रत्यक्ष हिशेब मांडून भरायचे.

ठोकळा सोपा, पण तो पेठेचा हंगाम ओळखत नाही. समजा, पावसाळी तिमाहीत वीस हजार कर भरला. मग ऑक्टोबर आणि नोव्हेंबरसाठी सात-सात हजार भरले की भागते. दिवाळीच्या तिमाहीचा खरा कर साठ हजार निघाला, तर उरलेले सेहेचाळीस हजार जानेवारीत विवरणपत्राबरोबर द्यावे लागतात. तेवढ्यावर सुटका नाही. आता ठोकळा साठ हजारांवर बसतो. फेब्रुवारीत एकवीस हजार, मार्चमध्ये पुन्हा एकवीस हजार, आणि तेही पेठ मंदावलेली असताना! जास्त गेलेली रक्कम बुडत नाही, खात्यावर जमा राहते. पण माल भरायला ती हाताशी नसते.

त्यात उधारीची भर. पाइप, पंप नेणारा शेतकरी पैसे देतो पीक विकल्यावर, कर मात्र बिलाच्या तारखेने लागतो. ‘उधारीचे पोते, सव्वा हात रिते’ हे आपल्या वाडवडिलांनी उगाच म्हटलेले नाही.

यावर उपाय नियमातच आहे. दोन वाटांपैकी कोणती धरायची, हे प्रत्येक महिन्याला ठरवता येते. तेजीच्या महिन्यांत ठोकळा भरावा. विवरणपत्राचा कर वेळेवर भरला, तर त्या कमी भरण्यावर व्याज लागत नाही. मंदीच्या महिन्यांत प्रत्यक्ष हिशेबाने भरावे. पण तेथे कमी भरले तर वर्षाला १८ टक्के दराने व्याज पडते, म्हणून वही रोजच्या रोज लिहिलेली हवी.

दुर्दैवाने कित्येक दुकानदारांना ही निवड आपल्या हाती आहे, हेच ठाऊक नसते. सल्लागार चलन काढतो, दुकानदार पैसे भरतो. कर खात्याने आणि व्यापारी संघटनांनी हे नियम सोप्या मराठीत, तालुक्याच्या गावी बसून समजावून द्यायला हवेत. हंगामी पेठेला शहरी ठोकळा लावताना एवढी जबाबदारी तरी सरकारची आहे.

आणि घरातही एक सवय लागावी. रोज रात्री गल्ला मोजताना कराचा भाग वेगळ्या डब्यात पडावा. मग पंचवीस तारीख आली म्हणून मुलांच्या फीच्या पैशाला हात लावण्याची वेळ येणार नाही.