पाकिटावरची लाल रेघ

समजा तुम्ही दारव्ह्यात राहता. ताईला ताप आला. मागच्या वेळच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट देऊन आईनं तुम्हाला मेडिकलमध्ये पिटाळलं. काउंटरमागचे काका पाकीट बघून म्हणाले, "बाळा, डॉक्टरांची चिठ्ठी आण." आला ना राग? पण थांबा! पाकिटावर उभी लाल रेघ आहे का, बघा.

ती रेघ म्हणजे 'चिठ्ठीशिवाय विकायचं नाही' ही खूण. दारव्हा असो की मुंबई, नियम एकच. औषधांचा मूळ कायदा १९४० सालचा. २०१४ पासून काही अँटिबायोटिक्ससाठी तो आणखी कडक झाला. डॉक्टर कोण, रोगी कोण, औषध कोणतं, किती दिलं, सारं वहीत लिहायचं आणि वही ३ वर्षं जपायची!

एवढं कशाला? अहो, गरज नसताना किंवा मनाला येईल तशा या गोळ्या घेतल्या, की चिवट जंतू तगतात आणि वाढतात. मग खरी गरज पडते तेव्हा तीच गोळी हात टेकते.

म्हणूनच काउंटरमागे शिकलेला माणूस हवा. बारावी सायन्सनंतर २ वर्षांची डी.फार्म. पदविका, मग प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. तेव्हा कुठे माणूस फार्मासिस्ट होतो. चिठ्ठी वाचणं, मात्रा व मुदत तपासणं, गोळी जेवणाआधी की नंतर ते सांगणं, हे त्याचं काम.

आता घरचा अभ्यास! आईबाबांना सोबत घेऊन घरातला औषधांचा डबा उघडा. लाल रेघा किती सापडल्या? मुदत संपलेली पाकिटं किती? आणि हो, काकांनी पुन्हा चिठ्ठी मागितली, तर रुसू नका हं!