विजेवरची स्कूटर: लायसन्स कोणत्या गाडीला लागत नाही आणि सबसिडी कोणत्या गाडीला मिळते?

"लायसन्स नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. रात्री घरी चार्जिंगला लावा आणि सकाळी कामाला निघा." विजेवरच्या दुचाकींच्या दुकानात हे हमखास ऐकू येते. रोजंदारीवर जाणाऱ्या, घरोघरी सामान पोहोचवणाऱ्या किंवा भाजी विकणाऱ्या माणसाला ते पटतेही, कारण पेट्रोलचा खर्च वाचतो आणि आरटीओचे हेलपाटेही टळतात. पण हे सगळ्याच गाड्यांना लागू नाही. फरक कळला नाही, तर दंड भरावा लागतो आणि अपघात झाल्यास भरपाईचा बोजाही अंगावर येऊ शकतो.

कायदा रेषा कुठे आखतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार विजेवरची एखादी गाडी "मोटार वाहन" मानली जात नाही, पण त्यासाठी प्रामुख्याने दोन गोष्टी लागतात. मोटरची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असावा. शिवाय पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने हे तपासून प्रमाणित केलेले असले पाहिजे. दुकानदाराच्या तोंडी हमीला येथे किंमत नाही.

अशा गाडीला नोंदणी, परवाना किंवा सक्तीचा विमा लागत नाही. ही मर्यादा ओलांडणारी प्रत्येक गाडी कायद्याने मोटार वाहन ठरते. मग ती दिसायला कितीही लहान असो, पेट्रोलवर चालो वा विजेवर. तिला नोंदणी, नंबर प्लेट, परवाना, विमा आणि हेल्मेट हे सर्व लागते. विजेवरच्या खासगी गाडीची प्लेट हिरवी असून तिच्यावर पांढरी अक्षरे असतात.

सबसिडी आणि "विनानंबर" एकत्र का येत नाहीत?

केंद्र सरकारची पीएम ई-ड्राइव्ह योजना 1 ऑक्टोबर 2024 पासून सुरू झाली. तिची एकूण तरतूद 10,900 कोटी रुपये आहे. दुचाकीसाठी पहिल्या वर्षी बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे, म्हणजे विजेच्या एका युनिटमागे 5,000 रुपये आणि एका गाडीला जास्तीत जास्त 10,000 रुपये सवलत होती. एप्रिल 2025 पासून हा दर 2,500 रुपये आणि कमाल मर्यादा 5,000 रुपये झाली. ऑगस्ट 2025 मध्ये योजनेची मुदत मार्च 2028 पर्यंत वाढवण्यात आली, मात्र दुचाकींसाठी 31 मार्च 2026 हीच तारीख ठेवण्यात आली. म्हणून जुन्या जाहिरातीवर विसंबू नका. सवलत आज चालू आहे का, हे पैसे देण्यापूर्वी योजनेच्या अधिकृत पोर्टलवर पाहा.

ही सवलत नोंदणी होणाऱ्या गाड्यांसाठीच आखलेली आहे. खरेदीच्या वेळी आधारवरून ओळख पटवून ई-व्हाउचर तयार होते आणि एका आधारवर एकच गाडी मिळते. सवलत गाडीच्या किमतीतूनच वजा होते आणि कंपनी ती रक्कम नंतर सरकारकडून घेते. म्हणून "नंबरही लागणार नाही आणि केंद्राची सबसिडीही मिळेल" असे कोणी सांगत असेल, तर त्यातली एक गोष्ट नक्कीच खोटी आहे. "सबसिडी मिळवून देतो" म्हणून वेगळे पैसे मागणाऱ्याला आधार क्रमांक किंवा ओटीपी देऊ नका.

वेगाचे "लॉक" काढले तर?

काही ठिकाणी 25 च्या वेगाची म्हणून विकलेली गाडी थोडे पैसे घेऊन 40–45 च्या वेगाची करून दिली जाते. त्याच क्षणी तिला मिळालेली सूट संपते आणि ती विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन ठरते. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यातील दंड असे आहेत:

• परवान्याशिवाय चालवणे: 5,000 रुपये
• नोंदणी नसलेली गाडी वापरणे: पहिल्या वेळी 5,000 रुपयांपर्यंत
• विमा नसणे: पहिल्या वेळी 2,000 रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही
• हेल्मेट नसणे: 1,000 रुपये आणि तीन महिने परवाना अपात्र

जागेवर भरायची तडजोडीची रक्कम काही राज्यांनी वेगळी ठरवली आहे. नियम मोडून मोटार वाहनात बदल करून विकणाऱ्या विक्रेत्यासाठीही शिक्षा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड. तरीही रस्त्यात अडवला जातो तो गाडी चालवणारा. म्हणून खरेदीच्या वेळी कागद मागणे हेच तुमचे पहिले संरक्षण आहे.

खरा धोका दंडाचा नाही

समजा, अशा विनाविमा गाडीची धडक बसून पादचारी जायबंदी झाला. विमा असता तर भरपाई विमा कंपनीने दिली असती. विमा नसल्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ती गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याचा आदेश देऊ शकते. ही रक्कम गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकते. नव्या नोंदणीकृत दुचाकीसोबत पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा घ्यावा लागतो, तो याचसाठी. विजेवरच्या गाड्यांना या हप्त्यात 15 टक्के सवलत आहे.

नियमात बसणाऱ्या कमी वेगाच्या गाडीलाही विमा सक्तीचा नाही, पण तिच्यामुळे कोणाला इजा झाली तर जबाबदारी चालवणाऱ्यावर येऊ शकते. हेल्मेट तर घालाच. डोके फुटायला 25 चा वेगही पुरतो.

घरातल्या मुलांच्या हाती देताना

शाळा-क्लासला जायला मुलांना स्कूटर देणारी घरे पुष्कळ आहेत. परवान्याचे सर्वसाधारण वय 18 आहे. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना 50 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलपुरता आहे. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

पैसे देण्यापूर्वी हे करा

1. मोटर किती वॅटची आणि कमाल वेग किती, हे बिलावर लिहून घ्या.
2. "लायसन्स लागत नाही" म्हणाले, तर तपासणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. त्यावरचे मॉडेलचे नाव बिलाशी जुळवून पाहा.
3. नोंदणी होणारी गाडी असेल, तर नंबर प्लेट आणि विमा हातात आल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नका. विजेवरच्या गाड्यांना नोंदणी शुल्क ऑगस्ट 2021 पासून माफ आहे. बिलात ते लावले असेल तर कारण विचारा.
4. शिकाऊ परवान्यासाठी सारथी पोर्टलवर अर्ज करता येतो. नंतर कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये ठेवा. तपासणीत तीही ग्राह्य असतात.
5. वेग वाढवून देण्याचा प्रस्ताव स्पष्ट शब्दांत नाकारा.

कमी वेगाची गाडी घेण्यात काहीच गैर नाही. बाजारहाट आणि जवळच्या कामासाठी ती पुरते. मात्र रोज हमरस्त्यावरून लांब जायचे असेल, तर नोंदणीची गाडीच घ्या. सुरुवातीला थोडा जास्त खर्च येईल, पण एखादा अपघात झाला तर घर कर्जात बुडणार नाही.