जुनी मढी उकरायलाच हवीत

फ्लोरिडातल्या मॅरियाना गावी राज्य सरकारने १९०० साली मुलांची सुधारशाळा काढली. पुढे ती डोझियर स्कूल म्हणून ओळखली गेली. शाळा बुडवणारी, घरून पळालेली पोरंही तिथे धाडली जात. २०११ मध्ये ती बंद पडली, पण तिचे वकील काही गप्प बसले नाहीत.

ते म्हणतात, काळच तसा होता, मारल्याशिवाय शिस्त येत नसे. पण १९०३ सालीच तपासणीला आलेल्यांना इथली मुलं बेड्यांत दिसली आणि त्यांनी त्यावर ताशेरे ओढले. म्हणजे हे त्या काळालाही मान्य नव्हतं. मारण्यासाठी वेगळी पांढरी इमारत होती, ‘व्हाइट हाउस’. चामडी पट्ट्याचे फटके चालू असताना तिथे मोठा पंखा लावत, किंकाळ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून, असं तिथून सुटलेल्यांनी म्हातारपणी सांगितलं. शिस्तच लावायची होती, तर आवाज कशाला दाबायचा?

दुसरा बचाव दप्तराचा: नोंद नाही, म्हणजे घडलं नाही. राज्याच्या तपास यंत्रणेने २००९ मध्ये कागद चाळून शाळेच्या आवारातल्या ३१ कबरींचा हिशेब जुळवला. तिथे नळ्यांचे ३१ क्रूस उभे होतेच! मग साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या एरिन किमर्ली यांच्या पथकाने जमीन खणली, तर कबरी निघाल्या ५५, कित्येक क्रूसांपासून दूर, झाडीत. आरोपीनेच पंचनामा लिहायचा आणि आपण तो प्रमाण मानायचा, असा हा प्रकार.

उरला शेवटचा सल्ला, जुनी मढी उकरू नका. खोदकामाची परवानगी राज्याने आधी नाकारलीच होती. ऑगस्ट २०१३ मध्ये गव्हर्नर आणि मंत्रिमंडळाने ती दिली. १९४१ मध्ये तिथे दगावलेला १४ वर्षांचा एक मुलगा डीएनएवरून ओळखला गेला आणि ७३ वर्षांनी घरच्यांच्या हवाली झाला. त्यांना कोणी विचारावं, मढं जुनं झालं होतं का.

म्हणून दप्तर रद्दीत घाला असं मात्र नव्हे. १९१४ च्या आगीत आणि १९१८ च्या साथीतही मुलं गेली. सगळे काही खून नव्हते, हेही नोंदी ताडूनच सांगता येतं. पण अशा नोंदी संस्थेच्या कपाटात नकोत, त्रयस्थाच्या ताब्यात हव्यात, आणि त्यांच्याइतकंच वजन मुलांच्या जबानीला हवं.

फ्लोरिडाच्या विधिमंडळाने २०१७ मध्ये माफी मागितली. २०२४ मध्ये दोन कोटी डॉलरची भरपाई मंजूर झाली, तीही १९४० ते १९७५ या काळात तिथे डांबलेल्यांपुरतीच.